उरलेलं रोप

मला चार दिवसांसाठी ठेवलं होतं. त्याला आता बावन्न वर्षं झाली. मधे एकदा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला परत नेऊन पाहिलं. तो उद्योग कसा पार पडला ते पुढे सांगतेच. त्यानंतर त्यांना पुन्हा सवड झाली नाही. आता तर ते वारले, त्यामुळे आणखी थोडा उशीर होणार हे मी समजून घेतलं आहे. मी समजूतदार बाई आहे. भोरच्या पेठेत माझ्या तांदळाच्या दुकानात जे लोक भाव करायला येतात त्यांचं मत वेगळं पडेल, पण त्यांच्या मतावर मी कधी तांदूळ विकला नाही.

हे सगळं वर यायला निमित्त झालं संजयचं. संजय माझा भाऊ. सावत्र म्हणायचं नाही, त्याला वाईट वाटतं. गेल्या महिन्यापासून वाटायला लागलं आहे. पेढ्यांचा पुडा घेऊन आला, वाकून पाया पडला, "आक्का, किती वाळलीस गं" म्हणाला. माझं वजन पंच्याऐंशी किलो आहे. चहा झाल्यावर पिशवीतून कागद निघाला. आप्पांचं मार्गासनीजवळचं, रस्त्याकडेचं भाताचं खाचर पुण्याच्या कुणाला तरी बंगल्यासाठी हवं आहे, आणि वडिलांच्या जमिनीत मुलीचाही हक्क असतो ही अडचण कुणीतरी संजयच्या लक्षात आणून दिली आहे. तेव्हा हक्क सोडल्याची माझी एक सही. "रक्ताचं नातं हाय आपलं आक्का, कागदाचं काय एवढं," तो म्हणाला. मी म्हटलं, कागदाचं एवढं काही नसेल तर ठेवून जा, मी सावकाश वाचते. तो गेला आणि मी कागद बाजूला सारून हे लिहायला बसले, कारण ते खाचर माझ्या ओळखीचं आहे. त्यात माझं काय आहे ते संजयला माहीत नाही. पुष्कळ वर्षं मलाही माहीत नव्हतं.

मी वाढले ते घर वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, दहा-बारा घरांच्या वाडीत. घर कुणाचं असं कुणी विचारलं तर एका वाक्यात उत्तर देता यायचं नाही. थकूबाईचा नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तिथेच त्याने दुसरं बिऱ्हाड मांडलं. तिच्या वाट्याला हे घर, वरच्या अंगाची दोन बारकी खाचरं आणि एक बैल राहिला. पारूबाई वाडीच्या खालच्या बाजूला बौद्धवस्तीत राहायची. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापाने गेला. तिच्याकडे ओढ्याकाठचं एक मोठं खाचर आणि एक बैल. एका बैलाने औत चालत नाही. आमच्याकडे त्याला वारंगुळ्याची तोड असते. तुझा एक बैल, माझा एक, जोडी करायची. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. बैल नसेल त्याने माणूस द्यायचा. कामाला काम, मधे पैसा नाही. फक्त हंगामातला दिवस हंगामातच परत करायचा, आणि ज्याने काम घेतलं त्याने देताना नाही म्हणायचं नाही. म्हणालाच, तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कुणी बैल आणत नाही. एवढं कडक कलम मी नंतर कोणत्याही करारात पाहिलं नाही.

तर आधी बैलांचं जमलं. थकूबाईचा सोन्या उंच, पारूबाईचा हौशा बुटका, त्यामुळे जू कायम एका अंगाला कललेलं आणि नांगराचं तास कायम वाकडं. त्यात बाईने औत धरायचं नाही असा गावाचा दंडक, म्हणून तात्या आले. तात्या म्हातारे, सडे, तोंडाने मोजकं बोलणारे. त्यांचं गाव पानशेतच्या धरणात गेलं. बदल्यात मिळालेली जमीन पुतण्यांनी आपल्या नावावर केली आणि चुलत्याला सगळ्या जबाबदारीतून मोकळं केलं. ते एका हंगामासाठी औत धरायला आले आणि पडवीत घोंगडी टाकली ती टाकलीच. मग एका पावसाळ्यात पारूबाईच्या घराचं छप्पर बसलं. ती हौशाला घेऊन वर आली, आणि दोघींची चूल एक झाली. बैलांच्या जोडीला गावाची हरकत नव्हती. चुलीच्या जोडीला निघाली. सोन्या आणि हौशा एका गव्हाणीत खातात ते चालतं, पण या दोघी एका घरात शिजवून खातात हे बरं दिसत नाही, असं गावातल्या एका मोठ्या माणसाने घरी येऊन समजावलं. थकूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग उद्यापासनं तुमच्या घरनं डबा धाडा. दोघींचा. तात्यांना भाकरी जाड लागती." तो माणूस पुन्हा आला नाही. डबाही आला नाही.

थकूबाई आणि माझी आई एका माहेरच्या, लहानपणच्या मैत्रिणी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वर्ष व्हायच्या आत आप्पांनी दुसरं लग्न केलं आणि मला एसटीत बसवून वाडीवर आणलं. "नवी मानसं घरात, जरा बुजत्यात," ते म्हणाले. "चार दिस ऱ्हाऊ द्या पोरीला. मग नेतो." थकूबाई शेण काढत होती. तिने मान वर न करता "ऱ्हाऊ दे की" एवढंच म्हटलं. झालं. व्यवहार संपला. माझा पहिला राग इथला आहे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारात अर्धा तास भांडणारी ही बाई. माझ्यासारखी नऊ वर्षांची, नाकातोंडाने धड, दुसरीपर्यंत शिकलेली मुलगी तिला कुणी दारात आणून दिली तर तिने दोन्ही बाजूंनी उलटून पाहायला नको? किती दिवस, कशासाठी, आणि नाही नेली तर काय, असं काही ठरवायला नको? माझा सौदा झालाच नाही. फुकट आलेल्या वस्तूसारखी मी घरात ठेवली गेले. माणसाने याचा राग धरू नये तर काय करावं?

त्या घरातला दिवस भांडणाने उजाडायचा. दोघींपैकी जी आधी गोठ्यात जाई ती ओरडायची, "तुझ्या बैलानं माझ्या बैलाची वैरण खाल्ली." दुसरी चुलीपासून ओरडायची, "तुझाच खादाड हाय, त्यालाच जास्ती लागती." हौशा आणि सोन्या शांतपणे रवंथ करत असत, त्यांना या भांडणात काही स्वारस्य नसे. तात्या पडवीत खोकत, दोन वेळा खाकरत आणि "व्हय" म्हणत. कुणाला व्हय, ते कुणी विचारत नसे. भिंतीवर एका कोपऱ्यात थकूबाईचा खंडोबा होता आणि समोरच्या कोपऱ्यात पारूबाईचे बुद्ध; उदबत्ती एकच, ती सकाळी एकापुढे आणि संध्याकाळी दुसऱ्यापुढे. पावसाळ्यात तात्या ओढ्यातून खेकडे धरून आणत. पारूबाई ते पाट्यावर वाटून, गाळून त्याचं तिखटजाळ कालवण करी. मी ते दोन वाट्या प्यायचे आणि वर म्हणायचे की माझ्या आईच्या हातचं याहून चांगलं व्हायचं. आईने जन्मात खेकडा शिजवला नव्हता. पारूबाईला हे माहीत नव्हतं, थकूबाईला होतं. तिने तिसरी वाटी पुढे सरकवली.

थकूबाई वेल्ह्याच्या आठवडी बाजाराला मला बरोबर न्यायची. आज ज्या हुशारीचं लोक नाव काढतात ती तिथली आहे. तिने मला बसवून कधी काही शिकवलं नाही, ती फक्त बाजार करायची आणि मी बघायचे. जी वस्तू घ्यायची तिच्याकडे बघायचं नाही. बाकी सगळ्याकडे बघायचं. वांगी घ्यायची असतील तर मिरचीचा भाव विचारायचा, टोपलीला हात लावायचा, बाईच्या पोराचं विचारायचं, आणि जाता जाता, पाय पुढे टाकलेला असताना, "ही वांगी काय म्हनतीस गं?" असं म्हणायचं. एकदा मी न राहवून एका बांगडीवाल्याकडच्या हिरव्या बांगड्यांकडे टक लावून पाहिलं. थकूबाईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "डोळ्यानंच भाव वाढवलास," ती म्हणाली, आणि आम्ही बांगड्या न घेता घरी आलो.

अशी दोन वर्षं गेली. चार दिवस मोजायला मी शिकले होते, दोन वर्षं मोजायला नव्हते, त्यामुळे एसटीचा आवाज आला की मी अजून पडवीत जाऊन उभी राहायचे. आणि एका आषाढात आप्पा खरंच आले. छत्री झटकली, पडवीत बसले, गूळपाणी घेतलं. घरात मुलगा झाला आहे, बाळंतीण अशक्त आहे, पोराला धरायला माणूस नाही, असं सांगून ते म्हणाले, "म्हनलं आपली पोरगी हायच की." आपली, हा शब्द मी दोन वर्षांनी ऐकत होते. मी थकूबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पदर खोचेल. आता बाजार सुरू होईल. दोन वर्षं कुठं हुता, दाजी? असं ती विचारेल. आईच्या नात्याने ती आप्पांना दाजी म्हणायची. तिने फक्त "कधीची एसटी हाय?" असं विचारलं आणि माझे दोन परकर पिशवीत भरले. पारूबाईने भाकरी बांधून दिली. तात्या "व्हय" म्हणाले. मी एसटीच्या खिडकीतून मागे पाहिलं तर तिघांपैकी कुणीही रस्त्याकडे पाहत नव्हतं. थकूबाई तर पाठ करून सोन्याच्या गळ्यातली दोरी सोडवत होती. सोन्याची दोरी काही त्या दिवशी अडकलेली नव्हती.

आप्पांच्या घरी मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे मुद्दाम लिहिते, नाहीतर संजय म्हणेल आक्काने आईची बदनामी केली. उलट तिथे दोन्ही वेळा भात होता, पांढरा, मऊ. मी तो पोटभर खाल्ला. फक्त मला नाव नव्हतं. "ए, त्याला घे." "ए, धडुती धू." वाडीवर दिवसातून दहा वेळा "शेवंते, मुडदा बशिवला तुझा" अशी हाक यायची; शिवी असली तरी तिच्यात माझं नाव होतं. संजय तेव्हा महिन्याभराचा, लाल, रडका आणि हट्टी. आज पन्नाशीत त्याचा रंग तेवढा उतरला आहे. मी त्याला मांडीवर हलवत पडवीत बसायचे आणि समोरचं खाचर बघायचे. तेच ते रस्त्याकडेचं. बाकी साऱ्या शिवारात लावणीची घाई चाललेली, आणि आप्पांच्या खाचरात नुसतं पाणी. त्यांच्या रोपात जनावरं शिरून सगळं खाऊन गेली होती, आणि भांडखोर स्वभावापायी त्या वर्षी त्यांच्याशी वारंगुळा करायला कुणी तयार नव्हतं. ऐन हंगामात रोप मागून कुणी देत नाही. आप्पा रोज बांधावर उभे राहून ढगांना शिव्या देत. मी अकरा दिवस ते ऐकलं. वेल्ह्याचा बाजार त्यात एकदा होऊन गेला होता, आणि आप्पांच्या पाण्याने भरलेल्या खाचराची बातमी मिरचीच्या भावाबरोबर वर पोचली होती, हे मला नंतर कळलं.

बाराव्या दिवशी सकाळी रस्त्यावर आधी सोन्या दिसला. मग हौशा, मग त्यांच्या मागे औत खांद्यावर घेतलेले तात्या. उजाडायच्या आधी निघून तीन कोस चालत आले होते. थोड्या वेळाने एसटी थांबली. टपावरून गोणी खाली पडायला लागल्या आणि खालून पारूबाईचा आवाज आला. कंडक्टर लगेजचं तिकीट मागत होता. "आरं, रोप हाय ते! रोपाला कसलं तिकीट? पोरास्नी तीन वर्सांपत्तूर फुकाट न्हेतूस आन् यांचं वय तीन हप्ते बी न्हाई!" कंडक्टरने हात जोडून घंटी मारली. थकूबाई आप्पांपुढे येऊन म्हणाली, "दाजी, ऐकलं तुमचं रान पडून ऱ्हायलंया. म्हनलं पोरीच्या बापाचं काम म्हंजी आपलंच काम." आप्पांचे डोळे भरून आले. फुकट मिळालं की त्यांचे डोळे भरून येत. हा गुण संजयने उचलला आहे. "बघा," ते शेजाऱ्यांना म्हणाले, "ह्याला म्हनत्यात मानुसकी." त्यांनी काही विचारलं नाही, काही ठरवलं नाही. बैल चिखलात घातले. मी संजयला कडेवर घेऊन दारात उभी होते. थकूबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोंबडीकडे पाहिलं, कौलांकडे पाहिलं, संजयला "ग्वाड हाय की" म्हणाली. मी एवढी चिडले की संजयला चिमटा काढला. मी त्याचं काही देणं लागत असेन तर ते एवढंच.

दिवसभर तात्यांनी चिखलणी केली, थकूबाईने हाक दिल्यावर शेजारच्या बाया इरली पाठीवर घेऊन वाकल्या, आणि चार वाजायच्या सुमाराला खाचर हिरवंगार झालं. सगळे बांधावर चहाला बसले. आप्पा खुशीत होते. थकूबाईने कपातला शेवटचा घोट घेतला, कप उपडा ठेवला आणि म्हणाली, "दाजी, आता वारंगुळ्याचं बोला."

"कसला वारंगुळा? तुमी तर आपुलकीनं आला ना?"

"आपुलकीनंच आलो. पर बैलांना काय कळती आपुलकी? त्यांनी दिसभर औत वढलं. त्यांचा दिस परत पायजे."

"देतो की. दिवाळीला गडी धाडतो."

"दिवाळीला आमी काय लावणी करतू व्हय? हंगामातला दिस हंगामात."

शेजारची एक म्हातारी चहात बटर बुडवत म्हणाली, "बरूबर बोलतीया बाई." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. आप्पांनी चौफेर पाहिलं. पुढच्या वर्षी बैल कोण देणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. "आवं पर माझ्याकडं हाय कोन?" ते म्हणाले. "मी एकटा. घरात बाळंतीण."

थकूबाईने बांध पाहिला, आभाळ पाहिलं, म्हातारीचं बटर पाहिलं. मग उठून, पदर झटकून, एक पाय पुढे टाकून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "ती पोरगी द्या मग. काय कामाची न्हाई तशी, पर चिखलात उभी तरी ऱ्हाईल."

ही चाल मला ओळखीची होती.

"ती कशी? पोराला कोन धरंल?"

"बरं, ऱ्हाऊ द्या," थकूबाई म्हणाली. "पारू, आपलं काम परत घ्यायचं गं." पारूबाई बांधावरून खाली उतरली, गुडघाभर चिखलात गेली, आणि नुकतं लावलेलं मूठभर रोप उपटून तिने आप्पांना दाखवलं. "ह्या कोपऱ्यापासनं सुरू करू, का त्या?" बाया एवढ्या हसल्या की एकीचं इरलं पाण्यात पडलं. आप्पा उठून उभे राहिले. "न्या! न्या तिला! दोन दिसांत आनून सोडा म्हंजी झालं."

"दोन कसं हुतील?" थकूबाई म्हणाली. "चार दिस लागतील, दाजी."

मी संजयला बटरवाल्या म्हातारीच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवीसुद्धा न घेता रस्त्यावर जाऊन उभी राहिले.

परतीच्या एसटीत मी दोघींच्या मधे बसले होते. माणसाने अशा वेळी रडावं, मिठी मारावी, असं म्हणतात. मी भांडले. पहिल्याच दिवशी का नाही आलात? बारा दिवस काय करत होता? थकूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आधी आपली खाचरं उरकली. मग आलो." आणि एवढं रोप आणलं ते? "उरलेलं हुतं. वाळून ग्येलं असतं." म्हणजे एक दिवसाची चिखलणी आणि उरलंसुरलं रोप, एवढ्यावर मला आणलं होतं. घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वरची दोन खाचरं लावलेली होती आणि खालचं, ओढ्याकाठचं मोठं खाचर नुसतं पाण्याने भरून पडलेलं. ते का असं, म्हणून विचारलं, तर "जमिनीला इसावा दिलाय यंदा" असं उत्तर मिळालं. चार दिवस झाले. आठ झाले. मी रोज एसटीचा आवाज ऐकायचे, पण आता पडवीत न जाता आतल्या अंगाला बसायचे. आप्पा आले नाहीत. तेव्हा नाही, दिवाळीला नाही, कधीच नाही. खाचर लागलं होतं, मुलगा वाढत होता, पोरगी चिखलात उभी होती. त्यांच्या बाजूने व्यवहार पुरा झाला. आले असते तर मी गेले नसते. पण यायला तर हवं होतं! पुढे आयुष्यभर मी कुठल्याही सौद्यात पहिला आकडा ऐकून उठून जाते, त्याचं मूळ इथे आहे. माझा पहिला आकडा फार कमी लागला होता.

ते वर्ष माझ्या डोक्यात नाचणीचं वर्ष म्हणून आहे. सकाळी नाचणीची भाकरी, दुपारी तिची थंड भाकरी, संध्याकाळी आंबील. सोबत कुर्डूची भाजी, असलीच तर सुकट. भात असा नव्हताच; वरच्या खाचरांचं जे काय मूठभर आलं होतं ते गाडग्यात शिजायचं आणि माझ्या ताटात पडायचं, आणि मी म्हणायचे, "एवढासाच?" आप्पांच्या घरचा पांढरा मऊ भात मी त्यांना वर्षभर ऐकवला. पारूबाई म्हणायची तिला नाचणीच मानवते. तात्यांना भाताने खोकला होतो असं निघालं. थकूबाईला तर भात कधी आवडतच नव्हता म्हणे. एका घरात तीन माणसं, आणि तिघांनाही एकाच वर्षी भात नकोसा व्हावा, यात मला काही विशेष वाटलं नाही. मी अकरा वर्षांची होते आणि हुशार होते. हुशार माणसाला समोरचं दिसत नाही ते असं.

थकूबाई गेली, तात्या तिच्या आधी गेले. मी भोरला दुकान टाकलं तेव्हा पारूबाईला घेऊन आले. आज ती नव्वदीच्या घरात आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बसून माझ्या तांदळातले खडे काढते, आणि माझ्यातलेही. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी भात घेऊन आला होता आणि उतारा कमी का, म्हणून मी त्याला झाडत होते. तो म्हणाला, रोप कमी पडलं, शेजाऱ्याकडचं उरलेलं आणून लावलं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, उरलेलं रोप कधी दोन-चार मुठींच्या वर असतं का? अख्खं खाचर लागेल एवढं कुणाकडे उरतं? बोलले आणि थांबले. सूप पाखडायचा आवाजही थांबला होता. मी मागे वळून पाहिलं. पारूबाई सुपात बघत हसत होती.

"एवढ्या वर्सांनी," ती म्हणाली. "थकी म्हनायची, पोरगी हुशार हाय, दोन दिसांत वळखंल."

"कुठल्या खाचराचं होतं?"

"वड्याकाठच्या. माझ्या."

तिच्या. माझ्या आईशी थकूबाईची तरी ओळख होती. पारूबाईने माझ्या आईला कधी पाहिलंही नव्हतं. मी विचारलं, थकूबाईने मागितलं का तुझ्याकडे? पारूबाई म्हणाली, "आली हुती इचारायला. चार दिस नुसतं त्वांड उघडायची आन् मिटायची. म्या म्हनलं, इचारतीस काय, गोणी आन. तू ग्येल्यापासनं लावणीला हातच चालंना घरात कुनाचा. तात्या तर औत धरून हुबंच ऱ्हायचं." मग मी चिडले. शेतकऱ्यासमोर, गिऱ्हाइकांसमोर ओरडले. मला का नाही सांगितलंत? वर्षभर मी भातावरून बोलत राहिले, एकाने तरी तोंड उघडायचं होतं! पारूबाईने एक खडा शोधून बाजूला ठेवला. "सांगितलं असतं तर तू तेवढा बी खाल्ला नसतास," ती म्हणाली. तिच्याशी पुढे भांडता आलं असतं, पण ती पुन्हा पाखडायला लागली होती. आणि जिच्याशी खरं भांडायचं होतं, जिने एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत माझ्या तोंडावर "उरलेलं हुतं" म्हणून सांगितलं, ती भांडणाची संधी न देता निघून गेली होती. हा माझा तिच्यावरचा दुसरा राग. हा काही मी सोडणार नाही; त्यावर सही मागायलाही कुणी येऊ नये.

अलीकडे सत्कारांची पद्धत आली आहे. मलाही एकदा शाल मिळाली, आणि निवेदन करणाऱ्या मुलीने "कुणाच्याही आधाराशिवाय स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या शेवंताबाई" असं म्हटलं. पहिल्या रांगेत बसलेली पारूबाई मोठ्याने म्हणाली, "व्हय." अगदी तात्यांसारखं.

काल संजय पुन्हा आला. पेढे नव्हते. कागद वाचला का, म्हणाला. मी म्हटलं, वाचला, सही करते. त्याचे डोळे भरून आले. मी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे पाहिलं, वजनकाट्याकडे पाहिलं, पारूबाईच्या सुपाकडे पाहिलं आणि उठता उठता म्हटलं, "मला त्या खाचराचं एका वर्षाचं भात दे फक्त."

"एवढंच?" तो हसला. "आक्का, गाडीभर टाकतो आनून. आंबेमोहोर देऊ का इंद्रायणी?"

"बाजारातलं नको. माझंच दुकान आहे. त्या खाचरातलं पाहिजे, तिथे लावलेलं."

"आगं, तिथं आता कसलं भात? मुरूम टाकून सपाट केलंय मी. कंपाउंड घातलंय."

"मग मुरूम काढ. पाणी भर. चिखलणी कर. रोप मी देते," मी म्हटलं. "माझ्याकडे उरलेलं आहे."

तो मागे वळून म्हणाला, "पारूआत्या, तुमी तरी सांगा हिला. ह्याला किती दिवस लागतील?"

पारूबाईने मान वर केली नाही. सुपातला एक दाणा तिने उजेडात धरून पाहिला.

"चार दिस," ती म्हणाली.